मनोरुग्णांचे दात आणि समाजाची दानत

सार्वजनिक आरोग्याविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा मोठ्या दुखण्यांभोवती घुटमळते. हृदयविकार, कर्करोग, क्षय, मधुमेह यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होते, सप्ताह साजरे होतात, भिंतीभिंतींवर फलक लागतात. दाताच्या वाट्याला यांपैकी फारसे काही येत नाही. दातदुखीने कोणी मरत नाही, अशी आपली पक्की समजूत असते. त्यामुळे लवंगेच्या तेलाचा बोळा आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या येथेच बहुतेक घरांतील दंतचिकित्सा संपते. मनाच्या विकारांकडे पाहण्याची आपली दृष्टीही याहून फार उदार नाही. फरक एवढाच की दाताचे दुखणे आपण क्षुल्लक समजतो आणि मनाचे दुखणे लाजिरवाणे. ही दोन्ही दुखणी जेव्हा एकाच देहात एकत्र येतात, तेव्हा त्या माणसाची काय अवस्था होते याची चौकशी करावी असे फारसे कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखात ती करावयाची आहे.

प्रश्न केवळ दयेचा असता तर त्यासाठी अर्थशास्त्राच्या अध्यापकाने लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु गरज असूनही मागणी निर्माण होत नाही, साधने असूनही ती गरजूंपर्यंत पोहोचत नाहीत आणि वेळीच थोडा खर्च न केल्यामुळे पुढे अनेकपट खर्च करावा लागतो, अशी सारी लक्षणे या प्रश्नात एकवटलेली आहेत. आमच्या शास्त्राला ती चांगलीच परिचित आहेत.

दुखण्याचे प्रमाण

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केले. त्या वेळी तीव्र मनोविकाराने ग्रस्त असलेल्या प्रौढांचे प्रमाण ०.८ टक्के आढळले. छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया, तसेच उन्माद व अवसाद यांच्या लाटांमधून माणसाला फिरवणारा द्विध्रुवी विकार, यांसारख्या दुखण्यांचा यात समावेश होतो. सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी हेच प्रमाण गृहीत धरले तर दोन लाख प्रौढांच्या एखाद्या तालुक्यात अशी सोळाशे माणसे असावयास हवीत. टक्केवारीत क्षुल्लक भासणारा आकडा माणसांत मोजला की असा अंगावर येतो.

या माणसांच्या तोंडाच्या आरोग्याविषयी जगभर झालेल्या अभ्यासांची एकत्र छाननी ऑस्ट्रेलियातील संशोधक स्टीव्ह कायस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली व तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र मनोविकार असलेल्या व्यक्तींनी आपले सर्वच्या सर्व दात गमावलेले असण्याचा संभव इतरांच्या तुलनेत २.८ पट असल्याचे त्यांना दिसून आले. किडलेले, पडलेले अथवा भरलेले दात मोजले तर ती संख्याही सरासरी पाचांनी अधिक भरली. एका बत्तिशीतले पाच दात ही थोडी हानी नव्हे. ज्या देशांत दंतवैद्यकाची सोय आपल्यापेक्षा पुष्कळ चांगली आहे, अशा देशांतील अभ्यासांचा या छाननीत मोठा वाटा होता, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

शिवाय दात हा देहापासून सुटा असा अवयव नाही. हिरड्यांचा जुना दाह आणि मधुमेह यांचे नाते दुहेरी आहे: मधुमेहामुळे हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे रक्तातील साखर आटोक्यात राहणे कठीण होते. मनोविकारावरील काही नव्या औषधांनी वजन व साखर वाढते, हे तर सर्वश्रुत आहे. तीव्र मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि यांतील बहुसंख्य मृत्यू मनाच्या नव्हे, तर शरीराच्या टाळता येण्यासारख्या दुखण्यांमुळे होतात. किडलेली दाढ ही त्या लांबलचक साखळीतील एक कडी आहे. ती सर्वांत लहान असेल, पण सर्वांत आधी दिसणारी आणि सर्वांत स्वस्तात दुरुस्त होणारीही तीच आहे.

कोरडे तोंड, गोड चहा

‘वेड्याला दात घासायची शुद्ध कुठली?’ असे म्हणून हा प्रश्न निकालात काढण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. दातांचे पहिले रक्षण ब्रश करीत नाही. ते लाळ करते. लाळ अन्नाचे कण धुऊन नेते, तोंडातील आम्ल सौम्य करते आणि दाताच्या कवचातून झिरपलेली खनिजे पुन्हा जागेवर बसविण्यास साहाय्य करते. मनोविकारावरील पुष्कळशा औषधांनी हीच लाळ आटते. ही औषधे घेताना हात थरथरू लागले किंवा अंग ताठरू लागले, तर तो परिणाम थोपवण्यासाठी ट्रायहेक्सीफेनिडिलसारखे आणखी एक औषध दिले जाते; त्यामुळे तोंडाला पडणारी कोरड अधिकच वाढते. याच्या उलट, क्लोझापीन हे औषध घेणाऱ्या काहींच्या तोंडातून रात्री उशी भिजेल इतकी लाळ गळते. तिचा ओशाळेपणा वेगळाच.

घसा सुकला की माणूस काहीतरी पिणार. आपल्याकडे ते काहीतरी म्हणजे बहुधा गोड चहा. दिवसातून आठ-दहा वेळा घोट घोट चहा, मध्ये चघळायला एखादी गोळी, आणि संरक्षणाला लाळ नाही. कीड लागण्यास याहून अनुकूल परिस्थिती कोणती? त्यातच तंबाखूची भर पडते. प्रौढांच्या तंबाखूसेवनाविषयी २०१६-१७ मध्ये झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात असे आढळले होते. भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची आपल्याकडील सवय तर अशी की, तीत व्यसन हेच दंतमंजन होऊन बसते. मनोरुग्णांमध्ये तंबाखूचे प्रमाण सामान्यतः इतरांपेक्षा अधिक असते. ‘बिचाऱ्याला तेवढाच विरंगुळा आहे’ असे म्हणून घरची माणसेही ती आणून देतात.

राहिला प्रश्न शुद्धीचा. छिन्नमनस्कतेत भास आणि भ्रम लोकांना दिसतात. पण इच्छाशक्तीच मावळून जाणे हे या विकाराचे तितकेच मोठे लक्षण आहे. अंथरुणातून उठणे, स्नान करणे, कपडे बदलणे या गोष्टी डोंगराएवढ्या होतात. नैराश्याच्या खोल गर्तेत असलेल्याची स्थितीही तीच. यास आळस म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्यास चालण्याचा आळशी म्हणण्यासारखे आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे वाटते. दातांवर परिणाम होतो म्हणून कोणीही मनोविकाराची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. औषध थांबवल्याने जे ओढवते ते दात जाण्यापेक्षा किती तरी भयंकर असते. कोरडेपणाची तक्रार डॉक्टरांच्या कानावर घालावी. मात्रा अथवा औषध बदलावयाचे की नाही, हे त्यांनीच ठरवावयाचे आहे.

इतिहासातील एक धडा

मनोरुग्णांच्या दातांकडे वैद्यकाने नेहमीच दुर्लक्ष केले असेही नाही. एके काळी लक्ष दिले, आणि ते दुर्लक्षापेक्षाही घातक ठरले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुखपद १९०७ ते १९३० या काळात डॉ. हेन्री कॉटन यांच्याकडे होते. देहात दडून बसलेल्या जंतुसंसर्गाचे विष मेंदूपर्यंत पोहोचते व त्यातून वेड उद्भवते, असे त्यांचे मत होते. या संसर्गाचा पहिला अड्डा म्हणजे दात! म्हणून त्यांनी रुग्णांचे दात उपटण्यास आरंभ केला. त्याने गुण आला नाही तर टॉन्सिल, मग आतड्याचा भाग, असे करीत करीत त्यांची शस्त्रक्रिया पुढे सरकत असे. हजारो दात गेले आणि कित्येक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावले. डॉक्टरमहाशय मात्र आपण बहुसंख्य रुग्ण बरे केल्याचे आकडे सांगत राहिले. १९२४ पासून फिलिस ग्रीनेकर या तरुण स्त्री-डॉक्टरने त्यांच्या कामाची बारकाईने तपासणी केली, तेव्हा ते आकडे टिकले नाहीत. परंतु तिचा अहवाल प्रसिद्धच करण्यात आला नाही.

या हकिकतीतील विशेष लक्षणीय भाग असा की कॉटन हा काही क्रूरकर्मा नव्हता. त्याचा आपल्या सिद्धांतावर इतका विश्वास होता की त्याने स्वतःचे आणि आपल्या मुलांचेही दात काढविले. त्याच्या रुग्णांपाशी मात्र ‘नको’ म्हणण्याची सत्ता नव्हती. रुग्णाच्या तोंडाकडे लक्ष देणे वेगळे आणि रुग्णाचे ऐकणे वेगळे. कॉटनने पहिले केले, दुसरे केले नाही. आपण आज दोन्ही करीत नाही. यापुढे जी काही योजना आखावयाची तिने दोन्ही केली पाहिजेत.

गरज आहे, मागणी नाही

बाजारात गरजेला किंमत नसते. किंमत असते ती मागणीला, आणि मागणी म्हणजे खरेदीशक्तीची जोड असलेली इच्छा, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक पाठ. तीव्र मनोविकार असलेल्या माणसापाशी बहुधा उत्पन्न नसते आणि विकारामुळे इच्छा व्यक्त करण्याची ताकदही उणावलेली असते. साहजिकच त्याच्या किडलेल्या दाढेची बाजाराच्या वहीत नोंदच होत नाही. ज्युलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टराने १९७१ मध्ये या परिस्थितीला एका नियमाचे रूप दिले. चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता ही त्या समाजाच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हवाली केली जाईल तितका हा व्यस्तपणा वाढतो, असा त्याचा आशय. मनोरुग्णाचे दात हे या नियमाचे अगदी चपखल उदाहरण होय.

आपल्या देशात दंतवैद्यांचा दुष्काळ आहे काय? मुळीच नाही. तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आज देशात आहेत आणि दरवर्षी हजारो पदवीधर त्यांतून बाहेर पडतात. शहरातल्या एकेका रस्त्यावर दंतवैद्यांच्या चार-चार पाट्या दिसतात. खेड्यात मात्र दाढ दुखली की एस.टी. पकडावी लागते. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण नशिबाविषयी वापरतो. येथे तो नशिबाचा खेळ नाही. वाटपाचा दोष आहे. एकीकडे रुग्णांची वाट पाहणारे पदवीधर आणि दुसरीकडे वर्षानुवर्षे न तपासलेली तोंडे, असे हे दृश्य आहे. दोहोंच्या मध्ये पूल बांधणे हे बाजाराला जमणारे काम नव्हे. ते सार्वजनिक व्यवस्थेचेच काम आहे.

परंतु सार्वजनिक व्यवस्थेतही हा रुग्ण दोन खात्यांच्या फटीत सापडतो. मनोविकारतज्ज्ञ तोंड उघडावयास सांगत नाहीत, कारण दात हा त्यांचा विषय नव्हे. दंतवैद्य त्याला खुर्चीवर घेण्यास बिचकतात, कारण मन हा त्यांचा विषय नव्हे. प्रस्तुत लेखकाचा एक माजी विद्यार्थी आज कारकुनी करतो. त्याचे थोरले बंधू वीसएक वर्षे छिन्नमनस्कतेवरील औषधे घेत आहेत. मध्यंतरी भेटला तेव्हा तो सांगू लागला, “सर, दादा महिनाभर म्हणत होता की जबड्यात रात्री कोणीतरी खिळे ठोकतो. आम्हांला वाटले, पुन्हा भास सुरू झाले.” औषधाची मात्रा वाढविण्यात आली. दादांची झोप वाढली, जेवण तुटले, भाकरी तर त्यांनी सोडूनच दिली. गालावर सूज दिसू लागली तेव्हा कुठे कळले की दाढेच्या मुळाशी पू झाला होता. पहिल्या दंतवैद्याने ‘शांत असतील तेव्हा घेऊन या’ असे सांगून त्यांना परत पाठविले. दुसऱ्या दंतवैद्यांनी सकाळची पहिली वेळ दिली, धाकट्या भावाला शेजारी उभे केले, प्रत्येक अवजार आधी दादांच्या हातात देऊन ते कशाचे हे सांगितले, आणि दाढ काढली. कसलाही गोंधळ झाला नाही.

खिळे ठोकणारा कोणी नव्हता. पण वेदना खरी होती. वेडा ठरलेल्या माणसाची प्रत्येक तक्रार वेडाच्याच खात्यावर मांडली जाते, हा या रुग्णांवरचा सर्वांत मोठा अन्याय होय. आणि तो करणारे परके नसतात. जीव टाकणारा धाकटा भाऊ असतो, अनुभवी डॉक्टर असतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोष द्यावयाचा तरी कोणाला? म्हणूनच हा प्रश्न व्यक्तींच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. रुग्ण जेवणाचे टाळू लागला, एकाच बाजूने चावू लागला, गाल धरून बसू लागला किंवा एकाएकी चिडू लागला, की आधी तोंड पाहावयाचे, असा नियमच घालून घेतला पाहिजे.

सदरा आणि दात

‘इतक्या मोठ्या दुखण्यात दाताचे काय घेऊन बसलात?’ असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याला उत्तर देताना आमच्या शास्त्राच्या आद्य आचार्यांची साक्ष काढावीशी वाटते. १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात ॲडम स्मिथ यांनी गरजेच्या वस्तूंची व्याख्या करताना लिननच्या सदऱ्याचे उदाहरण दिले आहे. जगण्यासाठी हा सदरा आवश्यक नाही. प्राचीन ग्रीक व रोमन लोक त्यावाचून सुखाने जगत होते. परंतु स्मिथ यांच्या काळी साध्या रोजंदारीवरील मजुरालाही तो अंगात असल्यावाचून चारचौघांत जाण्याची लाज वाटे. म्हणून तो चैनीची नव्हे, तर गरजेची वस्तू. लाज न वाटता लोकांत वावरता येणे हीसुद्धा माणसाची मूलभूत गरज आहे, हा विचार अमर्त्य सेन यांनीही स्मिथ यांच्या याच उदाहरणाच्या आधारे पुढे मांडला.

आजच्या काळातील तो सदरा म्हणजे समोरचे दात. मनोविकारातून सावरलेला तरुण दुकानात, कार्यालयात, कारखान्यात काम मागावयास जातो. तेव्हा त्याच्या मनात काय चालले आहे हे समोरच्याला दिसत नाही, त्याचे काळवंडलेले, पडलेले दात मात्र दिसतात आणि तोंडाला येणारी दुर्गंधी जाणवते. मग तो हसण्याचे टाळतो, बोलताना तोंडावर हात धरतो, पुढे पुढे बोलण्याचेच टाळतो. औषधांनी जे माघारी आणले ते दात पुन्हा हिरावून घेतात. पुनर्वसनासाठी शिवणयंत्र देणारी, मेणबत्त्या करावयास शिकविणारी व्यवस्था त्या माणसाला हसता येते की नाही हे पाहात नसेल, तर तिचे काम अर्धवटच राहिले म्हणावयाचे. आणि चावता न आल्यामुळे ज्याला भाकरी, पेरू, शेंगदाणे वर्ज्य झाले, त्याच्या आहाराचे आणि जेवणातल्या आनंदाचे काय, हा प्रश्न निराळाच. कवळी बसवून घ्यावी म्हटले, तर औषधांच्या दीर्घ वापराने ज्यांचे ओठ, जीभ, जबडा आपोआप हलू लागतात त्यांच्या तोंडात ती ठरत नाही. दात टिकविणे हाच येथे खरा उपाय आहे.

कायदा काय सांगतो

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याचे कलम २१ असे सांगते की आरोग्यसेवेच्या बाबतीत मनोरुग्णास शारीरिक आजार असलेल्या रुग्णाच्या बरोबरीने वागविले जावे. ज्या अन्य आरोग्यसेवा शारीरिक रुग्णांना मिळतात त्या त्याच रीतीने, त्याच प्रमाणात व त्याच दर्जाच्या मनोरुग्णांनाही मिळाव्यात. दाताचा स्वतंत्र उल्लेख नसला तरी दात या शब्दांच्या बाहेर राहतो असे कोण म्हणेल? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये, आणि राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये. योजना आहेत, फायली आहेत. परंतु एका फायलीतला माणूस दुसऱ्या फायलीत ओळखला जात नाही. हत्तीप्रमाणे शासनाचेही दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे असतात, असा अनुभव नागरिकांस नवा नाही. या कायद्याच्या बाबतीत तो खोटा ठरावा, इतकीच अपेक्षा.

संस्थांची जबाबदारी तर अधिकच मोठी आहे. देशातील ४३ शासकीय मनोरुग्णालयांची पाहणी करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, तेथील सुमारे ३६ टक्के रुग्ण एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ तेथेच राहात होते. जो माणूस चार दिवस रुग्णालयात असतो त्याचे दात हा त्याच्या घरचा प्रश्न असू शकतो. ज्याचे घरच रुग्णालय झाले, त्याच्या दातांची राखण रुग्णालयाने नाही तर कोणी करावयाची?

उपदेश नव्हे, व्यवस्था

उपाय सुचविताना प्रथम काय उपयोगी पडत नाही, हे सांगितले पाहिजे. शिक्षकी पेशातील आम्हां मंडळींचा सल्ल्यावर फार विश्वास. व्याख्यान दिले, तक्ता लावला की काम झाले असे आपण समजतो. इंग्लंडमध्ये मनोरुग्णांची देखभाल करणाऱ्या पथकांना दंतआरोग्याचे प्रशिक्षण व एक तपासणी-यादी देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतरही त्यातून म्हणण्यासारखा फरक दिसून आला नाही. याउलट अमेरिकेतील कॅन्सस येथे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात काहींना केवळ विजेवर चालणारा ब्रश दिला, तर काहींना ब्रशाबरोबरच शिकवणूक आणि नियमित आठवणही दिली. दातांवरचा थर दोन्ही गटांत घटला. पण दुसऱ्या गटात तो अधिक घटला. चार आठवड्यांच्या लहान प्रयोगावरून मोठे इमले बांधू नयेत, हे खरे. तरी रुग्णाच्या हातात साधन पडले पाहिजे आणि त्याच्या शेजारी माणूस उभा राहिला पाहिजे, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नसावी.

तेव्हा पहिली गोष्ट नोंदीची. मनोरुग्णालयात दाखल होताना, आणि पुढे दरवर्षी, रुग्णाचे तोंड तपासले जावे व त्याची नोंद केसपेपरवर व्हावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण विभागातही ‘तोंड कोरडे पडते का? दात दुखतो का?’ हे दोन प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. जे मोजले जात नाही त्यावर खर्च होत नाही, हे अर्थसंकल्पाचे साधे सूत्र आहे.

दुसरी गोष्ट साधनांची. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले आहे. ज्या दवाखान्यातून मनोविकाराच्या गोळ्या मिळतात तेथूनच त्यांबरोबर पेस्ट आणि दर तीन महिन्यांनी ब्रश का मिळू नये? एका रूट कॅनालच्या खर्चात कित्येक रुग्णांची वर्षभराची सोय होईल. त्याच यादीत सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावणही आहे. ते किडीवर लावले की कीड थांबते. यंत्राची घरघर नाही, इंजेक्शन नाही. किडलेला भाग काळा पडतो हा त्याचा दोष आहे, म्हणून समोरच्या दातांसाठी ते वापरताना रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे. पण ज्याला दंतवैद्याच्या खुर्चीचीच भीती वाटते त्याच्या दाढा त्यामुळे वाचू शकतात.

तिसरी गोष्ट माणसांची. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. नागपुरात तर शासकीय दंत महाविद्यालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय एकाच शहरात नांदत आहेत. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला पदवीपूर्वी वर्षभर आंतरवासिता करावी लागते. तीतील काही आठवडे मनोरुग्णालयात अथवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात घालविणे सक्तीचे केले, तर नव्या पदांवाचून एक नियमित सेवा उभी राहील. शिवाय मनोरुग्णाला न बिचकणाऱ्या दंतवैद्यांची एक पिढी तयार होईल, हा लाभ वेगळाच. शिबिरे होतात, नाही असे नाही. परंतु शिबिर हे पाहुण्यासारखे असते. येथे गरज आहे ती घरच्या माणसाची. प्रभागातील सेवक आणि परिचारिका हीच ती माणसे. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे ब्रशासाठी राखून ठेवणे, प्रत्येकाच्या ब्रशावर त्याचे नाव असणे, ज्याचा हात थरथरतो त्याच्या ब्रशाची दांडी कापड गुंडाळून जाड करून देणे, ही कामे पदवीची नव्हेत, आस्थेची आहेत. मात्र ती त्यांच्या कामाचा भाग म्हणून मोजली गेली पाहिजेत. फुकटच्या आस्थेवर कोणतीही व्यवस्था फार दिवस चालत नाही.

चौथी गोष्ट तंबाखूची. ‘तेवढाच विरंगुळा’ हा युक्तिवाद सोडावयास हवा. तंबाखू सोडण्यासाठी मिळणारे साहाय्य मनोरुग्णालाही मिळाले पाहिजे; मात्र धूम्रपान सोडताना काही औषधांच्या मात्रा बदलाव्या लागतात, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. आणि शेवटची, परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट संमतीची. कोणाचेही तोंड बळाने उघडावयाचे नाही. आज नको म्हणाला तर उद्या विचारावे, उद्या नको म्हणाला तर परवा. ट्रेंटनची आठवण ठेवून आपण एवढे तरी शिकलो पाहिजे.

हे सारे करण्यास मोठा निधी लागणार नाही, नवा कायदा लागणार नाही, परदेशी यंत्रसामग्री लागणार नाही. लागणार आहे ते एवढेच की मनोविकाराच्या आणि दंतवैद्यकाच्या दोन विभागांनी एका टेबलाशी बसावे आणि ज्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही अशा माणसाच्या वतीने काही मागावे. आणि घरोघरची आपण मंडळीही यातून सुटत नाही. आपल्या भावकीत, शेजारात, आळीत असा एखादा तरी माणूस असतोच. त्याला औषध घेतले का, असे आपण विचारतो. त्याच्याच जोडीला ‘दात दुखत नाही ना?’ असेही विचारू लागलो, आणि त्याचे उत्तर खरे मानून ऐकले, तर या कामाला सरकारी आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.